वर्ग न सोडता पीएच.डी.

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकाला संशोधन म्हटलं की आधी आठवते ती प्रश्नावली. कुणीतरी येतं, मुख्याध्यापकांना पत्र दाखवतं, आणि मधल्या सुट्टीत पाच-सहा छापील पानं हातात पडतात. ‘पोषण आहारामुळे विद्यार्थ्यांची उपस्थिती वाढते’: पूर्ण सहमत, सहमत, अनिश्चित, असहमत, पूर्ण असहमत. खुणा करायच्या, सही करायची, पानं परत द्यायची. पुढे त्या पानांचं काय झालं हे शाळेला कळत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांपासून पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर ठेवले जातात, त्यामुळे ते आज कुणालाही वाचता येतात. शिक्षणशास्त्रातले मराठी प्रबंध तिथे चाळले, तर आदिवासी विद्यार्थी, गळती, आश्रमशाळा, भाषेची अडचण हे विषय पुन्हा पुन्हा भेटतात, आणि शीर्षकाच्या शेवटी बहुतेक वेळा ‘चिकित्सक अभ्यास’ असतं. ज्यांच्याविषयी हे लिहिलेलं असतं ती मुलं रोज ज्याच्यासमोर बसतात, त्या माणसाचं काम प्रश्नावली भरण्यापुरतंच राहतं.

माझं म्हणणं असं आहे की शाळेतल्या प्रश्नावर पीएच.डी. करण्यासाठी त्याच शाळेतल्या शिक्षकाला फेलोशिप मिळाली पाहिजे, आणि ती त्याला वर्गातून उठवणारी नसावी. आठवड्यातले दोन दिवस त्याला मोकळे मिळावेत, उरलेले दिवस त्याने शिकवावं, आणि त्या शिकवण्यातूनच प्रबंध उभा राहावा. आज आपल्याकडे शिक्षकाला संशोधन करायचं असेल तर शाळा सोडावी लागते, किंवा शाळा सांभाळून झोपेच्या वेळात ते करावं लागतं.

वाणगाव घ्या. पश्चिम रेल्वेवर बोईसर आणि डहाणू रोड यांच्या मधलं हे स्टेशन. एप्रिल २०१३ मध्ये विरारपुढे डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली आणि पालघर, विरारला राहणाऱ्या शिक्षकांचं येणं-जाणं थोडं सोपं झालं. गावाचं नाव दूरवर पोचलं ते मिरचीमुळे. भातकापणी उरकली की शेतं मिरचीने आणि ढोबळी मिरचीने भरतात, आणि उन्हाळ्यापर्यंत तोडणी चालते. तोडणीला माणसं येतात ती आसपासच्या पाड्यांवरून, बहुतेक वारली. दक्षिणेला बोईसर-तारापूर: १९६९ पासून चालू असलेलं अणुवीज केंद्र, औद्योगिक वसाहत, आणि कारखान्यांच्या आधाराने राहणारी उत्तर प्रदेश-बिहारकडची कुटुंबं. पश्चिमेला चिंचणी, वरोर ही किनाऱ्यावरची गावं, आणि आता त्याच किनाऱ्यावर वाढवण बंदराचं काम. पूर्वेला डोंगर चढत जातो आणि तिथल्या पाड्यांवरून दिवाळीनंतर घरंच्या घरं वीटभट्ट्यांवर निघतात. एका दिवसाच्या रपेटीत चार प्रकारच्या शाळा भेटतील, आणि चौघींच्या अडचणी एकमेकींसारख्या नाहीत.

पाड्यावरच्या एखाद्या द्विशिक्षकी शाळेचा हजेरीपट उघडून बघा. जून ते ऑक्टोबर रकाने भरलेले असतात. दिवाळीची सुट्टी संपते आणि काही नावांपुढे गैरहजेरीची खूण सुरू होते, ती मे महिन्यापर्यंत सलग जाते. हे मूल भट्टीवर गेलं. त्याच पानावर आणखी एक गैरहजेरी असते, तुटक तुटक: सोमवारी आहे, मंगळवार-बुधवार नाही, गुरुवारी आहे, शुक्रवारी पुन्हा नाही. हे मूल गावातच आहे. आई तोडणीला गेली म्हणून धाकट्याला सांभाळत बसलं आहे, किंवा स्वतःच आईबरोबर गेलं आहे. तोडणीला हात लावून आलेल्या मुलीच्या बोटांची दुपारपर्यंत आग होत असते. ती पेन्सिल धरते, पण चुकूनही बोट डोळ्याला लागू नये म्हणून हात तोंडापासून लांब ठेवून लिहिते, आणि अक्षरं रेघेखाली उतरत जातात. वही तपासणाऱ्या परक्या माणसाला ते खराब अक्षर वाटेल. तिच्या शिक्षकाला त्याचं कारण ठाऊक असतं.

तालुक्याच्या अहवालात या दोन्ही गैरहजेऱ्यांची मिळून एकच टक्केवारी होते. भट्टीवर जाणाऱ्या मुलांसाठी निदान काही विचार झाला आहे. शिक्षण हमी पत्रक आहे, हंगामी वसतिगृहं आहेत, विधायक संसद या संस्थेने वसईकडच्या भट्ट्यांवर चालवलेल्या भोंगाशाळांचा अनुभव आहे. तुटक येणारं मूल मात्र स्थलांतरितही नाही आणि शाळाबाह्यही नाही. त्याचं नाव पटावर आहे आणि महिन्यातून दहा-बारा दिवस ते समोर बसलेलंही दिसतं. गणिताचं पुस्तक धरून चालतं की मूल काल आलं होतं आणि उद्याही येणार आहे. जे मूल आठवड्यातून तीन दिवस येतं आणि कोणते तीन हे आधी सांगता येत नाही, त्याला भागाकार कोणत्या क्रमाने शिकवायचा? पाठ एकमेकांवर रचलेले असावेत, की प्रत्येक पाठ एकटा उभा राहील असा असावा? रोज येणारी मुलं तोवर काय करतील? हा मला अस्सल पीएच.डी.चा प्रश्न वाटतो. तो ग्रंथालयात बसून सुचत नाही. सुचला तरी त्याचं उत्तर बाहेरून दोन महिन्यांसाठी आलेल्या माणसाला मिळत नाही, कारण त्यासाठी मिरचीचे निदान तीन-चार हंगाम त्याच वर्गात उभं राहावं लागतं.

यावर कुणी म्हणेल, शिक्षक संशोधन करतातच की. डी.एड., बी.एड.ला कृतिसंशोधन असतं, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची नवोपक्रम स्पर्धा असते, शिक्षण परिषदेत सादरीकरणं होतात. ही परंपरा मोलाची आहे आणि त्यातून चांगले शिक्षक पुढे आले आहेत. पण तिची चौकट आखूड आहे. पूर्वचाचणी, काही आठवडे उपक्रम, उत्तरचाचणी, गुणांत वाढ, अहवाल. नवं काही केलं आणि मुलांकडे जास्त लक्ष दिलं की काही आठवडे गुण वाढतातच. ते पुढच्या जूनपर्यंत टिकले का, हे अहवाल सांगत नाही, कारण तो मार्चमध्येच बांधला जातो. फसलेला उपक्रम स्पर्धेला पाठवायची पद्धत नाही. खरं तर ज्या वर्गात एखादी चांगली कल्पना चालली नाही, त्या वर्गाकडून शिकण्यासारखं जास्त असतं.

पीएच.डी.ला कमीत कमी तीन वर्षं लागतात, आणि अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार साधारण सहा वर्षांची मुदत असते. प्राथमिक शाळेत पाच वर्षं म्हणजे पहिली ते पाचवी. जे मूल संशोधनाच्या आरंभी अक्षराकडे चित्र म्हणून बघत होतं, ते शेवटी पुस्तक वाचतं आहे की नुसतं उच्चारतं आहे, हे एकाच माणसाला एकाच मुलात बघता येतं. शिवाय पीएच.डी.त कुणीतरी हरकत घेणारं असतं. मार्गदर्शक विचारतो, हे तुझ्यामुळे झालं की नव्या अंगणवाडी सेविकेमुळे? परीक्षक विचारतात, शेजारच्या पाड्यावर काय झालं? शाळेत एकट्याने काम करणाऱ्या शिक्षकाला असं विचारणारं कुणी नसतं, आणि त्याच्या अनुभवाचं ज्ञान होत नाही ते त्यामुळेच. म्हणून मी इथे लहान अनुदान किंवा पुरस्कार न मागता डॉक्टरेटच मागतो आहे.

दीर्घ मुदतीचं काम काय दाखवू शकतं याचा नमुना पालघर जिल्ह्यातच आहे. ‘लिरिल’ या प्रकल्पात कर्नाटकातल्या यादगीर जिल्ह्यात आणि इथल्या वाडा तालुक्याच्या भागात मुलं कन्नड आणि मराठी वाचायला-लिहायला कशी शिकतात याचा तीन वर्षं माग घेतला गेला. २०१७ मध्ये त्याचा अहवाल आला. सोनाळे इथे काम करणारी ‘क्वेस्ट’ ही निलेश निमकर यांची संस्था त्यात सहभागी होती. अक्षरं ओळखूनही मजकुरापर्यंत न पोचणारी मुलं त्यातून ठळकपणे पुढे आली. त्या प्रकल्पाकडे निधी होता, वेळ होता, विचारविनिमयाला माणसं होती. या तिन्ही गोष्टी एखाद्या पाड्यावरच्या शिक्षिकेला मिळाल्या, तर ती काय शोधेल हे आपण अजून करून बघितलेलं नाही.

करून बघितलेलं नाही असं मी म्हणतो, पण या मुलखाला तसं म्हणणं शोभत नाही. वाणगावहून उत्तरेला, डहाणू ओलांडलं की बोर्डी आणि कोसबाड येतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर नेलं. बालवाडी काढली, पण ज्या वस्तीतली मुलं हवी होती ती येईनात. तेव्हा त्यांनी मुलांना दोष दिला नाही, बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. त्यातून अंगणवाडी आली. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत बसणं शक्य नव्हतं, म्हणून शिक्षक गुरांमागे गेले आणि कुरणशाळा झाली. महागडी साधनं परवडत नव्हती, तर बिया, शिंपले, पानं, दगड यांची साधनं झाली. प्रत्येक वेळी प्रश्न रोजच्या कामातून आला, उत्तर तिथेच तपासलं, चुकलं तर बदललं, आणि ताराबाई-अनुताईंनी ते लिहून ठेवलं. १९७५ मध्ये केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं.

अनुताई मूळच्या प्राथमिक शिक्षिका. कोसबाडचं काम भरात असताना, वयाची पन्नाशी उलटल्यावर त्यांनी बी.ए. केलं. त्यांच्या अभ्यासाला पदवीची गरज नव्हती हे खरं. पण त्यांचं उदाहरण देऊन ‘ध्येय असेल तर फेलोशिप कशाला’ असं जेव्हा म्हटलं जातं, तेव्हा मला ते पटत नाही. त्यांनी सगळं आयुष्य त्या टेकडीला दिलं. घर आहे, म्हातारे आई-वडील आहेत, सकाळची ६ची गाडी पकडायची आहे अशा शिक्षिकेकडून आपण तेवढंच मागू शकत नाही, आणि मागू नये. असामान्य माणसांनी आपल्या बळावर जे केलं ते चांगल्या, कष्टाळू, साध्या माणसांना करता यावं, यासाठीच तर सार्वजनिक पैसा असतो.

आज त्या शिक्षिकेपुढे वाटा कोणत्या आहेत? नेट देऊन कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळवली तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये मिळतात, पण ती पूर्णवेळ संशोधकासाठी आहे. नोकरी करत ती घेता येत नाही. एनसीईआरटी डॉक्टोरल फेलोशिप देते, तिचाही साचा पूर्णवेळ संशोधकाचाच. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या फेलोशिपनी हजारो तरुणांना आधार दिला, आणि तो वेळेवर मिळावा म्हणून त्या तरुणांना आंदोलनंही करावी लागली, पण त्याही पूर्णवेळ संशोधकांसाठीच. अध्ययन रजा नियमांत आहे. ती घेतली की शिक्षिका शाळेबाहेर जाते, म्हणजे ज्या वर्गावर अभ्यास करायचा तोच हातचा सुटतो. राहिली अर्धवेळ पीएच.डी. २०२२ च्या नियमांनी ती मान्य केली आहे. कार्यालयाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं, आणि कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो असं त्यात लिहून द्यावं लागतं. आता द्विशिक्षकी शाळेत तो वेळ कुठून येणार? चार-पाच वर्ग दोघांत, त्यावर यू-डायसची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, आधार जुळवणी, बैठका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ने जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक कामं शिक्षकाला देऊ नयेत असं म्हटलं आहे, पण माहिती भरणं हे शैक्षणिक कामातच मोडतं असं धरलं जातं. मुंबई विद्यापीठाचं कलिना संकुल इथून नव्वद-शंभर किलोमीटर. मार्गदर्शकाला भेटायचं तर किरकोळ रजा टाकायची. अशा रजा वर्षाला असतात तरी किती?

नेदरलँड्समध्ये याचं उत्तर साध्या हिशेबाने काढलं गेलं. तिथल्या राष्ट्रीय संशोधन संस्थेने शिक्षकांसाठी डॉक्टरेटचं अनुदान ठेवलं. शिक्षक नोकरीत राहतो, पगार शाळाच देते, आणि आठवड्यातले दोन दिवस, जास्तीत जास्त पाच वर्षं, तो संशोधन करतो. अनुदान जातं शाळेकडे, त्या दोन दिवसांसाठी बदली शिक्षक ठेवायला. या योजनेत मला सगळ्यांत जास्त आवडतं ते हेच: शिक्षकाला स्वतंत्र विद्यावेतन नाही, त्याच्यासाठी वेळ विकत घेतला जातो. तिथला शिक्षक आणि आपला शिक्षक यांच्या परिस्थितीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे मान्य. पण शिक्षकाकडे कमी काय पडतं हे त्यांनी बरोबर ओळखलं. त्याच्याही आधी, १९७० च्या दशकात, इंग्लंडमध्ये लॉरेन्स स्टेनहाउस मांडत होते की अभ्यासक्रम हा वर्गात तपासून बघायचा प्रस्ताव असतो आणि तो तपासणारा शिक्षकच असला पाहिजे. आपल्या प्रशिक्षण वर्गांत नेमकं याच्या उलट गृहीत असतं. शोध वर लागतो आणि तो दोन दिवसांत खाली पोचवायचा असतो.

आता हरकतींकडे येतो, कारण त्या खऱ्या आहेत. पहिली आणि सगळ्यांत मोठी: जिथे मुळातच पदं रिक्त आहेत तिथे शिक्षकाचे दोन दिवस काढून घेतले तर मुलांचं काय? बदली शिक्षक नसेल तर फेलोशिप देऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कागदावरची मोकळीक द्यायची आणि वर्ग शेजारच्या शिक्षकावर टाकायचा, हे मुलांवर आणि त्या शिक्षकावर अन्याय करणारं होईल. पण बदली शिक्षक कोण असू शकतो याचा विचार केला तर हीच हरकत योजनेची जमेची बाजू होते. डी.एड. होऊन, टीईटी पास होऊन भरतीची वाट बघणारी मुलं-मुली या पाड्यांवर आहेत. त्यांची बोली मुलांची बोली आहे. आठवड्याचे दोन दिवस, पाच वर्षं, एका अनुभवी शिक्षकाबरोबर एकाच वर्गात काम करायला मिळणं यापेक्षा चांगलं प्रशिक्षण त्यांना दुसरं कोणतं मिळेल? फक्त त्यांना रास्त मानधन आणि लेखी नेमणूक हवी.

दुसरी हरकत: पीएच.डी. झाली की शिक्षक कॉलेजात जाईल. काही जातील. त्यांना बंधपत्राने बांधून ठेवणं मला योग्य वाटत नाही. जाण्याचं कारण शोधलं तर ते आपणच निर्माण केलेलं दिसेल. प्राथमिक शाळेत बढती म्हणजे केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, म्हणजे मुलांपासून दूर जाणं. शिकवत राहून मोठं होण्याच्या पायऱ्या आपल्याकडे फारच थोड्या आहेत. डॉक्टरेट झालेल्या शिक्षिकेने वर्ग सांभाळून केंद्रातल्या आठ-दहा शाळांच्या अभ्यासाला मार्गदर्शन करावं, ‘डाएट’ या जिल्ह्याच्या प्रशिक्षण संस्थेत शिकवावं आणि त्यासाठी तिला वेतनश्रेणी मिळावी, असं पद निर्माण केलं तर ती का जाईल?

तिसरी हरकत विद्यापीठातून येते: स्वतःच्याच वर्गाचा अभ्यास तटस्थ कसा राहणार? शिक्षकाला आपला प्रयोग यशस्वी व्हावा असं वाटणारच. शिवाय ज्या मुलांवर त्याचा अधिकार चालतो, त्यांची संमती म्हणजे तरी काय? सहीऐवजी अंगठा उठवणारे पालक मास्तरांना नाही म्हणतील का? ही हरकत मला सगळ्यांत अवघड वाटते, आणि ती नियमांनी सोडवावी लागेल. चाचण्या दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकाने घ्याव्यात. संमती पाड्यावर सगळ्यांसमोर, लोकांच्या बोलीत समजावून घ्यावी. मुलांची नावं, छायाचित्रं कुठेही येऊ नयेत. पण तटस्थतेच्या नावाखाली शिक्षकाला बाद करणाऱ्यांनी हेही बघावं की बाहेरचा संशोधक तटस्थ असला तरी त्याला खरं उत्तर मिळेलच असं नाही. परक्या माणसाने विचारलं, ‘शाळा आवडते का?’ तर पाड्यावरचं मूल मान डोलवतं. तेवढ्यावर ‘सहमत’ची खूण होते.

एका शाळेवरून सगळ्यांसाठी निष्कर्ष काढता येत नाही, हेही खरंच आहे. म्हणून दहा शिक्षकांना एकत्र घ्यावं. उदाहरणार्थ, वाणगावच्या पाड्यावरचा एक, बोईसरला हिंदी बोलणाऱ्या मुलांना मराठीत शिकवणारी एक, किनाऱ्यावरची एक, जव्हार-मोखाड्यातले दोघं, आश्रमशाळेतले दोघं. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या बाजूला भूकंपाचे धक्के बसत राहिले आणि मुलांना घेऊन उघड्यावर बसावं लागलं. भिंतींची धास्ती घेतलेल्या मुलांना शिकवणं म्हणजे काय, हे तिथल्या शिक्षकाला माहीत आहे, त्यालाही घ्यावं. महिन्यातून एकदा त्यांनी पालघरला एकत्र बसावं आणि विद्यापीठातल्या मार्गदर्शकाने तिथे यावं. दहाजणांनी महिन्यातून एकदा कलिना गाठण्यापेक्षा एका प्राध्यापकाने डहाणू लोकल पकडणं सोपं आहे. प्रबंध मराठीत असावा, आणि त्याबरोबर शाळांसाठी चाळीस पानांची पुस्तिका सक्तीची असावी. तोंडी परीक्षा जमलं तर त्याच शाळेत, गावासमोर व्हावी.

हे सगळं जमलं तरी एक गोष्ट राहते, आणि ती नसेल तर बाकीचं करू नये असं मला वाटतं. समजा एका शिक्षिकेच्या अभ्यासातून निघालं की तिच्या केंद्रात ‘वाचता येतं’ अशी नोंद असलेल्या मुलांपैकी बरीचशी मुलं न समजता उच्चार करतात. किंवा वरून आलेला एखादा कार्यक्रम तिच्या वर्गात तीन वर्षं राबवून काहीच फरक पडला नाही. हे तिने लिहायचं की नाही? ती १९६७ च्या जिल्हा परिषद वर्तणूक नियमांखाली आहे, तिची बदली आणि गोपनीय अहवाल ज्यांच्या हातात आहेत त्यांच्याच कामाविषयी ती लिहिते आहे. बाहेरचा संशोधक लिहून निघून जातो, तिला दुसऱ्या दिवशी शाळेत यायचं असतं. म्हणून फेलोशिपच्या करारातच, जिल्हा परिषदेच्या सहीने, हे असलं पाहिजे की प्रबंधातल्या आणि त्यावर आधारलेल्या लेखनातल्या निष्कर्षांसाठी तिच्यावर कोणतीही कारवाई होणार नाही, संशोधनाच्या काळात तिची बदली होणार नाही, आणि प्रबंध छापण्याआधी तो कोणत्याही अधिकाऱ्याला मंजुरीसाठी दाखवावा लागणार नाही. पालघर जिल्हा परिषदेने हा ठराव आधी करावा. फेलोशिपच्या पैशाची मागणी त्यानंतर राज्याकडे न्यावी.